एका म्हशीएवढं पाणी

अकोल्याच्या माणसाला उन्हाळ्यात नुसती गार हवा पुरत नाही, तिचा आवाजही लागतो. कूलरची घरघर कानावर पडल्याशिवाय आमचा डोळा लागत नाही. या सवयीला मी आयुष्यभर हसत आलो. शेतकऱ्यांना ठिबक शिकवणं ही माझी नोकरी, त्यामुळे पाण्यावरून कोणालाही चार शब्द सुनावायचा हक्क आपल्याला आहे, असा माझा समज.

दर मे महिन्यात आम्ही चिखलदऱ्याला जातो. पूर्वी बॅगेत स्वेटर असायचे आणि ते लागायचेही. घाट चढून वर आलं की एका गवळणबाईच्या झोपडीपाशी थांबायचं आणि तिच्या हातची रबडी खायची, हा आमच्या घरचा नेम. तो आम्ही वीसेक वर्षं पाळला.

यंदा त्या वाटेवर जे पाहिलं त्यानं माझं डोकंच फिरलं. उन्हाला कंटाळून वर आलेली पर्यटक मंडळी गाडीच्या काचा बंद करून एसी लावून बसलेली. थंड हवेच्या ठिकाणी येऊन थंड हवा आत येऊ देत नाहीत. जिथं आंबे-जांभळांची झाडं होती तिथं रिसॉर्ट, त्यापुढे प्लास्टिकचं हिरवं गवत, आणि फाटकावर पाटी, 'निसर्गाच्या कुशीत'. लाज नावाची गोष्ट या लोकांनी घाटाखाली परतवाड्यातच उतरवून ठेवली असावी.

गवळणबाईकडे बारा म्हशी असायच्या, आता चारच उरल्या होत्या. झोपडीमागच्या नाल्यातल्या डोहावर त्यांचं भागायचं. तो डोह पूर्वी पावसाळ्यापर्यंत टिकायचा, आता रिसॉर्टचे टँकर रोज त्यात मोटर टाकतात.

"डोह आटला तं या चारी बाजारात," ती कढईतली साय बाजूला सारत म्हणाली. "कुठून पाजू यायले?"

मग काय, मला विषयच मिळाला. पर्यटक, रिसॉर्टवाले, टँकरवाले, एकेकाला मी झोडपून काढलं. तक्रारीचा अर्ज लिहून देतो म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि द्रोण पुढे केला.

आम्ही उतरलो ते अर्थात रिसॉर्टवरच. अमरावतीचा मेहुणा आणि त्याचं कुटुंब आधीच येऊन बसलं होतं. दोन्ही खोल्यांत पंखे होते आणि खिडकी उघडली तर बरा वारा येत होता. पण दुपारी आडवं झाल्यावर सगळे कूस बदलत राहिले. मेहुण्यानं कूलर मागितला. मग मीही मागितला. मॅनेजर म्हणाला, फुकट आहे साहेब, पाहिजे तेवढं पाणी भरा. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

पाणी भरायला टँकरचाच पाइप आत आला. हे कुठलं, म्हणून मी ड्रायव्हरला विचारलं. घाटमाथ्यावरच्या गवळणीच्या झोपडीमागचं, तो म्हणाला. लपवण्यासारखं त्यात त्याला काही वाटलं नाही.

खोलीत येऊन मी कूलर बंद केला. दोन मिनिटांत बायको उठून बसली.

"बंद काहून केला? आत्ता कुठं डोळा लागला होता."

मला सांगता आलं असतं. ठिबकवर तास-तास बोलणाऱ्या माणसाला दोन वाक्यं जड नव्हती. मी बटण पुन्हा दाबलं आणि थोड्या वेळात मलाही झोप लागली. चांगली गाढ लागली. पुढचे दोन दिवस कूलर कोणीच बंद केला नाही.

परतताना नेमाप्रमाणे थांबलो. गोठ्यात दोनच म्हशी होत्या. दोन आदल्या दिवशी बाजारात गेल्या होत्या. अर्जाचं तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही.

"एक कूलर दिवसाले एका म्हशीएवढं पानी पेते, भाऊ," ती म्हणाली. "दूध घालाले जातो न मी रिसॉर्टवर, भरताना पाह्यलं." मग तिनं विचारलं, "तुमच्या खोलीत होता काय?"

"नाही," मी म्हणालो. "आमी पंख्यावरच भागवलं."

बायको गाडीत बसली होती. तिनं मान दुसरीकडे वळवली.

बाईचा चेहरा उजळला. "सगळे तुमच्यासारखे आले असते तं माह्या म्हशी राह्यल्या असत्या," ती म्हणाली आणि रबडीचा डबा काठोकाठ भरून दिला. पैसे नेहमीएवढेच घेतले.

घाट उतरताना बायकोनं डबा उघडून माझ्यापुढे धरला. तिनं स्वतः घेतली नाही. मी दोनदा मागून घेतली.