टीबी नव्हताच

माझी पहिली मुलगी न्हावऱ्याला, माझ्या माहेरी जन्मली. बाहत्तरचा दुष्काळ तेव्हा सरला होता. पोरगी दिसायला चांगली गुटगुटीत, पण श्वास फार भरभर घ्यायची. पाजायला घेतलं की दोन घोट प्यायची, सोडायची, धापा टाकायची आणि परत तोंड लावायची. आई म्हणाली, "पयलं लेकरू हाय, शिकंल."

एके दिवशी तिचे ओठ निळसर दिसले, तेव्हा एसटीनं शिरूरला नेलं. डॉक्टर डाव्या बाजूला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, "घरात कुणाला टीबी होता का?" माझे वडील टीबीनंच गेले होते. त्यात बाळंतपणापासून मला खोकला होता. "तपासणी होईपर्यंत बाळाला आईपासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले.

राहूहून सासूबाई आल्या. "आधी तू बरी हो," एवढंच म्हणाल्या आणि पोरगी घेऊन गेल्या. पुढं माझ्या थुंकीत काही निघालं नाही. तरी त्यांचा विश्वास बसेना. खोकला तर होताच.

आईनं माझ्या छातीला लुगड्याचं फडकं घट्ट बांधलं. दूध तरी पाझरायचं. हळूहळू तेही आटलं.

नवरा दौंडला रेल्वेत खलाशी होता. सुट्टीला राहूला जायचा आणि येता येता मला भेटायचा.

"काय पिती?"

"शेळीचं दूध. थोडं थोडं."

"लई रडती का?"

तो खाली बघत म्हणाला, "रडाया दम पुरत न्हाई तिला."

शेवटी कुणाला न विचारता त्यानंच तिला दौंडला नेऊन छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला जायला सांगितलं. तो मला न्यायला आला. सासूबाईंच्या धाकानं मी म्हणाले, "आत्याबाई काय म्हणतील?" "आईचं मी बघतो. तू चल."

पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. डावीकडे वरचा भाग काळाभोर दिसत होता.

"फुप्फुसाचा हा भाग फुगलाय. इथली श्वासाची नळी पोटात असल्यापासूनच लिबलिबीत राहिली. हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. फुगलेला भाग बाकीच्या फुप्फुसाला दाबतो. हृदयसुद्धा उजवीकडे ढकललं गेलंय."

"म्हंजी टीबीच ना?"

"टीबी नाही. हे कुणाकडून लागत नाही, बाई. फार थोड्या मुलांना असतं, जन्मतःच."

"मंग मी पाजलं असतं तर?"

"पाजायलाच हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

फुगलेला भाग कापून काढता येत होता. पण पोरगी वाळून काडी झाली होती, आधी थोडी ताकद यायला हवी होती. मी तिला छातीशी धरलं. दूध नव्हतंच. तोंड कसं लावायचं, तेही ती विसरली होती. तरी मी धरून बसायचे. ऑपरेशनची वेळ आलीच नाही. वॉर्डात लोक जेवत होते, नवरा खाली चहा आणायला गेला होता. माझ्या मांडीवरच तिचा श्वास थांबला.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नवऱ्यानं सासूबाईंना सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. "मला काय ठावं, पोरी," म्हणाल्या. त्यांनी तिचं काही कमी केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी त्यानंतर त्यांच्याजवळ बसणं मला कधी जमलं नाही.

पुढं माझ्या धाकट्या बहिणीला बघायला दौंडकडचे पाहुणे आले. मुलाच्या मामांनी विचारलं, "थोरलीची पोर टीबीनं गेली म्हंत्यात?" मीच पुढं झाले. नळी, हवा, फुगलेलं फुप्फुस, सगळं सांगितलं. जन्मतःच होतं, असंही मी सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते.

"व्हय, व्हय. पर वडील बी त्यानंच गेलं ना?"

वडिलांचं खरं होतं. पाहुणे जयभीम करून उठले. सगळ्यांचे चहाचे कप तसेच भरलेले होते. बहिणीनं ते एकेक उचलून मोरीत ओतले.