क्रियापद नसलेला निरोप

माझ्या कामाला धड नाव नाही. आई विचारते, "तू नेमकं काय करून राहिलीस तिथं?" मी म्हणते, बातम्यांचं. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. नांदेडात वजिराबादेत एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथं आमचं बातम्यांचं पोर्टल चालतं. बातम्या तालुक्यांतून येतात, लिहितात दुसरेच. मी फक्त बातमीचं चित्र करते. व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की तिच्यासोबत जे चौकोनी चित्र दिसतं, ते माझं.

तेवढ्यावरच सगळं चालतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. आमचे वाचक शीत चाखूनच ताटावरून उठतात, भात तसाच राहतो. लिंक उघडायची कुणाला फुरसत नसते. चित्र बघायचं, हळहळायचं आणि पुढच्या ग्रुपात ढकलायचं.

आमच्या संपादक सरांचे नियम ठरलेले. चेहरा एकच आणि मोठा. शब्द चार, तेही लाल पट्ट्यावर. "दोन चेहरे टाकले की माणसाला कळत नाही कुणाकडं बघावं," ते म्हणायचे. "आणि क्रियापद काढून टाकत जा. लई जागा खातं ते." मला हे पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं, मी त्यात तरबेज झाले होते, आणि त्याचा मला गर्वही होता.

मी मूळची हिमायतनगरची. आठवी ते दहावी मात्र इस्लापूरला मामांकडे राहून शिकले. तिथल्या शाळेत मराठी शिकवणारे गुरुजी होते. ते कधी हात उगारत नसत, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की वही बंद करून परत द्यायचे आणि दिवसभर आपल्याशी बोलायचे नाहीत. त्यापेक्षा छडी बरी, असं आम्हाला वाटायचं. मी आज चार ओळी नीट लिहिते ते त्यांच्यामुळे. यंदाच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. शाळेनं निरोप समारंभ ठेवला, आणि मामांनी फोटो मला पाठवला.

फोटो आडवा होता. शाळेच्या पटांगणात मांडव, मधोमध गळ्यात झेंडूचा जाड हार घातलेले गुरुजी. कॅमेरा दिसला की त्यांचा चेहरा नेहमी गंभीर व्हायचा, तसाच झालेला. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली तेव्हा याच बहिणीनं त्यांना कडेवर वागवलं होतं, आणि पुढं किल्लारीला तिच्या सासरी राहूनच ते कॉलेज शिकले. हे ते वर्गातही सांगायचे. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी तिच्या हातात दिला होता. तो छातीशी धरून ती तोंडावर पदर घेऊन हसत होती.

माझ्या गुरुजींची बातमी लांबवर जावी, असं मला मनापासून वाटलं. म्हणून मी नियम अगदी काटेकोर पाळले. अक्काला कापलं, फेटा कापला, मांडव कापला. उरला गुरुजींचा गंभीर चेहरा आणि हार. खाली लाल पट्ट्यावर लिहिलं, "साश्रू नयनांनी गुरुजींना निरोप".

कुणालाही वाटावं तेच लोकांना वाटलं. आपल्याकडे हार घातलेला एकटा चेहरा कुठं लागतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? घरोघरी भिंतीवर असतो तो. पण चित्र करताना मी त्याच्याकडे माणूस म्हणून बघतच नव्हते. तासाभरात भावपूर्ण श्रद्धांजलीचे हात जोडलेले मेसेज सुरू झाले. त्यांचे जुने विद्यार्थी हैदराबादेहून, पुण्याहून रडके चेहरे टाकत होते. मी धावतपळत चित्र बदललं. पण आमच्याकडे बदललं म्हणजे सगळीकडे बदलत नाही. ज्या ग्रुपात पहिलं चित्र एकदा गेलं, तिथं ते तसंच राहतं आणि तिथूनच पुढं जातं. सुटलेला बाण म्हणा, नाहीतर तोंडातून गेलेला शब्द म्हणा.

किल्लारीला ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलं. अक्का आदल्याच दिवशी इस्लापूरहून परतली होती. शेजारच्या सूनबाईनं मोबाईल पुढं धरला आणि रडायलाच सुरुवात केली. कालपर्यंत धडधाकट असलेला भाऊ आज नाही, यावर अक्कानं विश्वास ठेवला. आयुष्यानं तिला तेवढं शिकवलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती जीपमध्ये बसली. लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत ती फरशीवर बसून रडत होती. तेव्हा सोबत आलेल्या सूनबाईच्या फोनवर गुरुजींचाच फोन आला.

"अक्का, मी हाय. जिता हाय. घरी जा."

हे सगळं गुरुजींनीच मला सांगितलं. मी माफी मागायला फोन केला होता आणि ते हसत होते. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, तसं तू माझं वाढवलंस, म्हणाले. किल्लारीतल्या बायकांनी तर वेगळाच अर्थ लावला होता. डोक्याला कावळा शिवला की अपशकुन टळावा म्हणून मुद्दाम लांबच्या नातलगांना मरणाचा खोटा निरोप धाडायची आमच्याकडे रीत आहे. ते रडले की इडापिडा गेली. गुरुजींना कावळा शिवला असेल, म्हणून इस्लापूरकरांनी निरोप धाडला, असं ठरवून बायका गप्प बसल्या.

मग गुरुजी एकदम मास्तर झाले. "पोरी, निरोप सांगतात, निरोप घेतात आणि निरोप देतात. कुठला ते क्रियापदावरून कळतं. तुझ्या चित्रात क्रियापदच न्हाई."

"सर म्हणतात, ते जागा खातं."

"खाऊ दे की. त्याची जागा हाय ती."

मी हसले. मला लाज वाटत होती, हे खरं. पण त्या चित्रानं आमच्या पोर्टलला कधी नव्हे इतके व्ह्यूज दिले होते, आणि त्या आठवड्यात मी रोज सकाळी आल्या आल्या तो आकडा बघत होते, हेही खरं. सरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मी ते चित्र मिटवलं नाही. एका फोल्डरमध्ये जपून ठेवलं.

दिवाळीच्या आत गुरुजी खरोखर गेले. छातीत दुखतं म्हणून त्यांना नांदेडला आणलं होतं, पहाटे संपलं. मी ऑफिसात पोचले तेव्हा बातमी येऊन पडली होती. सर दारातच म्हणाले, "लवकर. दुसरे टाकायच्या आत गेलं पाहिजे. तयार आहे ना तुझ्याकडं?"

तयार होतं. चेहरा, हार, लाल पट्टा, सगळं तयार. मी फक्त "निरोप"च्या पुढं ओळीच्या शेवटी "अखेरचा" जोडलं. ओळ लांबली म्हणून अक्षरं थोडी बारीक केली. मोबाईलवर कसं दिसतं ते बघायचं असतं, तेही मी बघितलं नाही. लिंक पाठवली आणि मग रडले. आधी चित्र केलं आणि मग रडले, हा क्रम मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

मोबाईलवर चित्र कापलं जातं. व्हॉट्सअॅप दोन्ही बाजू खातं आणि मधला चौकोन ठेवतं. माझ्या नव्या ओळीच्या टोकाचा "अखेरचा" बरोबर त्या चौकोनाबाहेर गेला होता. लोकांना दिसला तो पूर्वीचाच चेहरा, पूर्वीचाच हार आणि "निरोप".

गुरुजींचा मुलगा दवाखान्यातल्या कागदपत्रांत अडकला होता. त्याने एका नातलगाला सांगितलं, "किल्लारीला अक्काला कळवा." नातलगानं फोन केला नाही. लिंक पाठवली. आता असंच करतात सगळे. वाईट बातमी तोंडानं सांगण्यापेक्षा चित्र पाठवणं सोपं जातं.

सूनबाईनं सकाळी मोबाईल बघितला आणि अक्काला दाखवला. या खेपेला दोघीही रडल्या नाहीत. तोच फोटो, तोच हार. "पुन्हा तेच फिरून राहिलंय," सूनबाई म्हणाली, आणि दोघी कामाला लागल्या. इस्लापूरला मयत दुपारी पोचली. किल्लारीची वाट बघत माणसं दिवस मावळायला येईपर्यंत थांबली. नातलग पुन्हा पुन्हा सांगत होता, कळवलंय, निघाल्या असतील. उजेड जायला लागला तेव्हा त्यांनी उचललं. मुलानं स्मशानातून आल्यावर स्वतः फोन केला, तेव्हा किल्लारीत अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती.

ती इस्लापुरात पोचली तेव्हा राख होती.

मी तेराव्याला गेले. हे सगळं गुरुजींच्या मुलाकडूनच ऐकलं. त्याला माझं काम माहीत नव्हतं, त्यामुळे तो मोकळेपणानं चित्र करणाऱ्याला शिव्या घालत होता. मी मान हलवत ऐकत होते. पंगतीत मी अक्काच्या समोर बसले होते. तिनं भाताला हात लावला नाही. त्या दिवशी मी जशी पळून आले तशी आयुष्यात कधी पळाले नव्हते.

पुढचे कितीतरी दिवस मी चित्रं करत राहिले. पोट होतं, काम होतं. पण कुणाचाही चेहरा कापायला घेतला की हात अडायचा. शेवटी मूळ फोटो शोधून काढला, तो आडवा. वजिराबादेतच मोठा करून घेतला, फ्रेम न करता, आणि लातूरमार्गे जीपनं किल्लारीला गेले.

अक्का दारातच शेंगा निवडत बसली होती. मी गुरुजींची विद्यार्थिनी म्हणून सांगितलं. तिनं आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीवर गुरुजींचा हार घातलेला फोटो होता. माझाच. लाल पट्टा कापून टाकलेला, मोबाईलवरून काढलेला, म्हणून फुटका फुटका दिसणारा. त्याच्या शेजारी दुसरी कुणाचीच तसबीर नव्हती. तिचा नवरा भूकंपात गेला आणि त्याचा एकही फोटो वाचला नव्हता, हे मला गुरुजींकडून माहीत होतं.

मग मी सांगून टाकलं. ते चित्र मी केलं, दोन्ही वेळा मीच केलं, असं सरळ सांगितलं. तिला लिंक, चित्र, कापणं यातलं काय कळलं कोण जाणे. ती शेंगा निवडायची थांबली एवढंच.

"मालकाचं तोंड बी बघायला मिळालं न्हवतं," ती म्हणाली. "तवा समदे एकदमच जाळले. त्याला कुणाचा इलाज न्हवता. याचं मात्र मिळालं असतं."

ती पुन्हा शेंगा निवडू लागली.

"खोटं होतं तवा लातूरच्या स्टँडावर ऊर फुटस्तवर रडले. खऱ्याला रडूच आलं न्हाई बाई. अजून आलं न्हाई. आटलं की काय, कळत न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. मी पिशवीतून फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग उंबऱ्यातल्या उजेडात नेला. आधी तिला गुरुजी दिसले. मग बोट सरकत बाजूला गेलं, फेट्यावर, पदरावर.

"ही तर मी हाय."

"हो, अक्का."

"फेटा बी हाय. धर म्हणला होता, डोकं दुखून राहिलंय म्हणून." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग हातातल्या. पुन्हा भिंतीवरच्या. "मंग त्याच्यात मी का न्हाई?"

"मीच कापलं तुम्हाला. मोबाईलमध्ये दोन चेहरे बारीक दिसतात."

तिनं मान डोलावली, जसं काही मी बाजारभाव सांगितला. नंतर कितीतरी वेळ ती त्या फोटोतल्या स्वतःच्या हसण्याकडे बघत राहिली.

"मी शेजारी हसत हुभी दिसले असते," ती म्हणाली, "तर त्याला कुणी मेला म्हणलं असतं का गं?"