सेलूच्या सापळ्यातले पाच आठवडे

सात वर्षं ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्यांच्याबरोबर रोज डबा खाते त्या मैत्रिणींनाही नाही. आता सांगायचं ठरवलंय. ऐकल्यावर तुमचं माझ्याबद्दलचं मत बदलेल. बदलू द्या.

मी सेलूला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तेव्हा नोकरी नवी होती. परभणीत एका कार्यशाळेला गेले होते, तिथे जेवणाच्या रांगेत माझ्या मागे बालाजी सर उभे होते. बोरीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत ते सातवीला शिकवायचे. ओळख ना पाळख, ताट हातात धरूनच म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरांना मोजायला काहीतरी द्या की. लय बारीक नजर हाय त्यांची."

मला ते आवडलं. मनापासून आवडलं — हेही खरंच आहे, आणि त्याने पुढचं काहीच कमी होत नाही.

आम्ही दोघांनी मिळून काम ठरवलं. कापसावर गुलाबी बोंडअळी कधी येते ते पाहायचं. एक कामगंध सापळा त्यांच्या शाळेला लागून असलेल्या शेतात, एक माझ्या सेलूच्या बाजूला. सापळा म्हणजे एक नरसाळं, त्यात मादीच्या वासाची गोळी आणि खाली लांब पिशवी. वासाने याच अळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत पडतात. दर शुक्रवारी ते मोजायचे, पिशवी रिकामी करायची, शनिवारी एकमेकांना फोन करायचा. आकडे परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या आमच्या मार्गदर्शकांकडे जायचे. आकडा मर्यादेबाहेर गेला की त्या गावातल्या शेतकऱ्यांना फवारणीचा निरोप द्यायचा. कॉलेज, शाळा आणि शेतकरी एका धाग्यात — आम्ही केवढ्या अभिमानाने सांगायचो!

पहिले काही आठवडे मी नेमाने गेले. मग एका शुक्रवारी गेले नाही.

का गेले नाही? वेळ नव्हता का? होता. शेत कॉलेजपासून स्कूटीवर अर्ध्या तासावर होतं. पण काळ्या मातीचा चिखल, ऊन, पिशवीतल्या मेलेल्या पतंगांचा वास — आणि त्याच दिवसांत मला एका परिषदेसाठी माझा स्वतःचा शोधनिबंध पुरा करायचा होता. त्यावर फक्त माझं नाव असणार होतं. शनिवारी फोन वाजला तेव्हा मी म्हणाले, "तीन." आधीच्या आठवड्यात चार होते. तीन कुणालाही खटकणार नव्हते.

असे पाच शुक्रवार गेले. तीन, दोन, चार, तीन, पाच. नोंदवहीत हे आकडे मी एकाच दुपारी, स्टाफरूममध्ये बसून भरले. सगळे एका दिवशी लिहिलेत हे कळू नये म्हणून दोन पेनं वापरली. हो — दोन पेनं. मी निष्काळजी होते, गडबडीत होते, असं मला म्हणताच येत नाही. दोन पेनं वापरणारा माणूस गडबडीत नसतो.

तिकडे बोरीचा आकडा चढत होता.

"मॅडम, आमच्याकडं वाढायलेत," बालाजी सर फोनवर म्हणायचे. "तुमच्याकडं?"

"तीनच."

"बरंय मग. नशीबवान आहात तुमी."

पाचव्या आठवड्यानंतर परभणीला बैठक झाली. मार्गदर्शकांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. एकाच जिल्ह्यातली, सारख्याच पेऱ्याची दोन शेतं, आणि आकडे कुठल्या कुठे. त्यांनी बोरीची नोंदवही उघडली. तिच्यात प्रत्येक तारखेपुढे दोन रकाने होते. एक सविता नावाच्या मुलीचा, दुसरा तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचा. चूक होऊ नये म्हणून दोघी वेगवेगळं मोजायच्या. आकडे जुळले तरच पक्के. ही पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. सविताचे वडील शेतीबरोबर मेंढरंही राखायचे. संध्याकाळी कळप परतला की घरातली दोन माणसं तो वेगवेगळा मोजत, तिथून तिने ती घेतली होती.

"मुलांनी मोजलंय ना हे?" मार्गदर्शक म्हणाले. "मॅडमच्या आकड्यांशी ताळमेळ बसत नाही."

बालाजी सर उठून उभे राहिले. बसूनही बोलता आलं असतं. "पोरं खोटं लिहीत न्हाईत सर," ते म्हणाले. "पण प्रत्येक येळेला मी सोबत नव्हतो, हेबी खरंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी सांगा. तुमचं यातलं शिक्षण झालेलं हाय."

मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतं. "लहान मुलं आहेत. दोन रकाने दिसतायत — दुहेरी मोजणी झाली असावी."

एवढंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरेट केलेली बाई विरुद्ध सातवीची पोरं — कुणाचं खरं धरणार? बोरीचे आकडे बाजूला ठेवले गेले.

पण खरी गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही. तिच्याभोवती फिरतेय, हे तुम्हाला कळलं असेलच.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी सेलूच्या त्या शेतात गेले होते. कुणी पाहणीला आलंच तर सापळा नीट दिसावा म्हणून. पिशवी खालपासून वरपर्यंत भरली होती. पतंगांचे थर बसले होते, खालचे वाळून भुगा झालेले, वरचे अजून फडफडत होते. मी पिशवी सोडली, बांधाच्या कडेला उपडी केली, पायाने माती ओढली आणि नवी पिशवी बांधून घरी आले.

म्हणजे दुसऱ्या दिवशी "दुहेरी मोजणी" म्हणताना मला माहीत होतं. त्या मुली बरोबर आहेत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

बोरीला निरोप गेला नाही. सेलूलाही गेला नाही. ज्याने शेत वापरायला दिलं आणि दर खेपेला मला चहा पाजला, त्या शेतकऱ्यालाही नाही. दोन-तीन आठवड्यांनी बालाजी सरांचा फोन आला.

"मॅडम, बोंडं फोडून पाहिली. आळ्या हायेत आत. सविताच्या घरच्या रानात तर लयच. पोरं बरोबर होती का मग?"

इथेही मला बोलता आलं असतं. मी म्हणाले, "नंतर आल्या असतील, सर."

ते म्हणाले, "तसंबी असंल." शाळेत त्यांनी आधीच सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं होतं, आपलं मोजायचं चुकलं. तिथली मोजणी बंद झाली. त्या वर्षी आमचा जो लेख छापून आला त्यात सेलूचे आकडे आहेत. बोरीचं नाव शेवटी आभारात आहे.

मग वर्षं गेली. सापळे मोजणारा आमचा गट वाढला. आज त्यात सेलू, जिंतूर, सोनपेठ अशा तालुक्यांतल्या शाळा आहेत, दोन-तीन कॉलेजं आहेत, आणि त्याची समन्वयक मी होते. एकमेकांच्या आधाराने काम कसं उभं राहतं यावर मी भाषणं केली आहेत. टाळ्याही घेतल्या आहेत. बालाजी सर मात्र पुन्हा कधी गटात आले नाहीत. मीही त्यांना बोलावलं नाही — का बोलावलं नाही, ते तुम्हाला सांगायला हवं का?

या जूनमध्ये नव्या शिक्षकांची बैठक झाली. सोनपेठकडच्या एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "मॅडम, एखाद्या शाळेचा आकडा बाकीच्यांपेक्षा लयच वेगळा आला, तर काय करायचं?"

मी म्हणाले, "आधी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. मग स्वतः जाऊन बघायचं."

तिने ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली. ती रेघ मारेपर्यंत मी तिच्या पेनाकडे बघत होते, आणि तिथेच ठरलं.

त्या आठवड्यात मी तीन गोष्टी केल्या. मार्गदर्शकांना सगळं लिहून कळवलं. लेख छापणाऱ्यांना पत्र धाडलं, माझे पाच आठवडे खोटे आहेत, बोरीची नोंद खरी आहे, तशी दुरुस्ती छापा. समन्वयकपद सोडलं. कारण विचारलं त्यांना कारणही सांगितलं. मग एसटीने बोरीला गेले.

बालाजी सर शाळेच्या ओट्यावर बसून हजेरीपट भरत होते. केस पांढरे झालेत. मी सगळं सांगितलं, पिशवी उपडी केली तेही. ते हजेरीपटावर पेन धरून ऐकत राहिले. शेवटी पेनाला टोपण लावलं.

"मी वर्गाम्होरं पोरांना सांगितलं होतं, तुमचं चुकलं म्हणून," ते म्हणाले. "अकरा पोरं होती या कामात. मला सांगून भागत न्हाई मॅडम. त्यांना सांगा."

त्यांनी अकरा नावं लिहून दिली. पाणी विचारलं नाही. मीही थांबले नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी निघते. कुणी कापसाच्या जिनिंगवर कामाला आहे, कुणी शेती करतं, एक मुलगी लग्न होऊन सोनपेठला आहे. एकाला काहीच आठवत नव्हतं. एकाने दारातूनच परत पाठवलं. तो त्याचा हक्क होता. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं आणि निघाले. दहा झाले.

सविता यादीतली अकरावी. ती जिंतूरला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात काम करते. दहावीनंतर तिने विज्ञान घेतलं नव्हतं. गणित आपल्याला जमत नाही, असं तिने घरी सांगितलं होतं. नावं लिहून देताना बालाजी सरांनीच ते सांगितलं होतं.

गेल्या रविवारी गेले. दुकानात गर्दी होती. ती म्हणाली, "बोला मॅडम, ऐकायलेय मी," आणि माझ्याकडे तोंड करून बसली. मी सांगितलं. माणसं ऐकत होती. मी आवाज खाली केला नाही.

सांगून झालं. तिने हातातला फॉर्म खाली ठेवला. मग विचारलं, "त्या दिशी तुमच्या पिशवीत किती होते?"

"मोजले नाहीत."

"अंदाजे?"

"अंदाजे काही सांगणार नाही, सविता."

तिने मान हलवली. मग खुर्ची वळवली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे आधार कार्ड मागितलं.