तळाशी ऊन पोचेना

"शेणखत टाक म्हनलं तर आयकत नाही. उपाशी गवत वाढन कसं?"

"टाकलं ना दोन टोपले. आनखीच सडलं. आता तुमालेच टाकू का तलावात?"

हा बिसराम आणि ही त्याची बायको दुर्गा. त्यांची-आमची भिंत एकच, त्यामुळे भांडण ऐकायला कान लावावा लागायचा नाही. गोष्ट जुनी आहे.

दुर्गा ढिवराची. गावच्या तलावातलं पाण्याखालचं गवत मेलं, तशी गावठी मासळी अंडी घालायला येईना आणि तिचं जाळं रिकामं येऊ लागलं. म्हणून ती दुसऱ्या तलावातून गवताच्या जुड्या आणायची आणि धान रोवतात तशी कमरेएवढ्या पाण्यात खोवायची. दरवेळी सडायचं.

मी म्हटलं, "दुर्गे, पाणी आहे, चिखल आहे, डोक्यावर ऊन तापून राहिलं. आणखी काय त्याले आंदण पायजे?"

"मलेही समजून नाही राहिलं, बाई."

एकदा ती तलावाच्या पाळीखाली, बांधालगतच्या पाण्यात हात बुडवून वाकलेली. मला वाटलं, काही पडलं. तर म्हणते, "कोपरभर पाण्यात माह्या बांगड्या मले दिसत नाहीत. खाली गवताले सूर्य कुठून दिसन?"

पाणी गढूळ होतं. चूल पेटलीच नाही तर हंडीत तांदूळ किती का ओता.

मग तिनं काठाला, बांगड्या दिसतील एवढ्याच पाण्यात लावलं. ते धरलं. मी म्हटलं, चला, आपल्यालाही समजलं. तर पूस-माघात पाणी नितळ, ऊन लख्ख, आणि गवत जिथल्या तिथं.

"आता काऊन?"

"आता थंडी अडवून राहिली."

म्हणजे एकाची समजूत काढली की दुसरं रुसतं, लग्नातल्या सोयऱ्यांसारखं. त्यात थंडी सरून गवत वाढलं तसं पाणी आणखी नितळ झालं. मग ऊन आधी की गवत आधी, हा गुंता मला आजही सुटत नाही. दुर्गा म्हणायची, "मले तरी कुठं सुटते?"

गवत हळूहळू आत सरकलं. मासळी आली, तसा बिसराम खताचं श्रेय घेत गावभर फिरला.

गेल्या चैतात दुर्गा दुपारी झोपली ती उठली नाही. त्या सकाळीही ती पाण्यात उतरली होती. दाट गवतातून जुड्या उपटल्या, पलीकडच्या उघड्या चिखलात एकेक खोवली, लुगड्याचा ओला काठ पिळला आणि जाळं खांद्यावर टाकून घराकडे निघाली.