काचेआडचं ऊन

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या ब्रोकन हिलमध्ये कुणी ऊन विकत घ्यायला निघालं, तर लोक त्याला वेड्यात काढतील. माझ्या वहिनीला काढलंच. पहिली मीच.

नेरिडा माझ्या भावाची, क्लॅरीची बायको. जन्मभर शाळेच्या कँटीनमध्ये राबली. जीभ फटकळ, पण मन लोण्यासारखं. क्लॅरी खाणीत होता. तिथल्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली. तेव्हापासून नाकात नळी, शेजारी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि हा आपला स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत. दोन वर्षं त्यानं अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. बोलणंही आटलं. बायकोशी ‘हो’ आणि ‘नको’, माझ्याशी तेवढंही नाही. बोलायचा तो फक्त नॉर्मशी.

नॉर्म म्हणजे दाढीवाला सरडा. रानातून धरलेला नव्हे हं, रीतसर परवान्याचा. त्यांची मुलगी पर्थला गेली तेव्हा काचेच्या पेटीसकट त्याला इथं ठेवून गेली. रागावला की गळ्याखालची काटेरी दाढी काळीठिक्कर करून फुगवतो. क्लॅरी त्याला खाणीतले किस्से सांगायचा आणि नेरिडा भांडी घासता घासता ऐकायची. “सरड्याच्या निमित्तानं का होईना, नवऱ्याचा आवाज कानावर पडतो,” म्हणायची.

त्या हिवाळ्यात नॉर्म मलूल झाला. थंडीत रानातले सरडे बिळात जाऊन झोपतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे अख्ख्या गल्लीचं एकच मत पडलं, झोपू दे त्याला.

“झोपणारा गपचूप झोपतो, लोर्ना,” नेरिडा मला म्हणाली. “हा फांदीवर चढायला धडपडतोय. मागचे पाय बघ, कसे फरफटतायत. बोटं बघ, थरथरतायत नुसती.”

“वहिनी, तुला उगाच चिंता करायची सवयच आहे,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे लक्षही दिलं नाही. तिची नजर क्लॅरीवर होती. तो पेटीच्या काचेला बोट लावून नुसता बसला होता. दोन दिवस त्यानं एकही किस्सा सांगितला नव्हता. नॉर्म गेला तर हा माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मलाही कळत होतं.

गुरांच्या डॉक्टरीणबाई, टॅमसिन नावाच्या, गावात नव्याच आल्या होत्या. त्यांनी नॉर्मचा जबडा हलकेच दाबून पाहिला. हाडं मऊ पडली होती. “याला ऊन मिळत नाहीये,” त्या म्हणाल्या.

नेरिडा उखडली. “बाई, या गावात उन्हाशिवाय दुसरं आहे काय? दिवसभर खिडकीत असतो तो. वर तापणारा दिवाही लावलाय.”

“दिव्यानं ऊब मिळते. काचेतून उजेडही येतो. पण हाडं घट्ट करणारे किरण काचेलाच अडतात. त्या किरणांच्या दिव्याची नळी वेगळी मिळते.”

दार उघडून बाहेर नेलं असतं तर फुकटात मिळालं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण एवढ्या उन्हाच्या गावात काचेवर संशय घेणार कोण?

नळी ॲडलेडहून यायची होती. तोवर औषधाचे थेंब, आणि रोज दुपारी वारा चुकवून खरं ऊन. नेरिडानं नॉर्मला उचललं की तो दाढी काळी करून हातातून निसटायला बघायचा. असल्या मऊ हाडांनी पडला असता तर संपलंच. शेवटी ती क्लॅरीसमोर उभी राहिली.

“हा तुझ्याशिवाय कुणाच्या मांडीवर टिकत नाही. येतोस बाहेर, की मरू द्यायचा?”

मी म्हटलं, आता हा भिंतीकडे तोंड फिरवणार. पण क्लॅरी उठला. धापा टाकत, दाराची चौकट धरत. नेरिडा मागून सिलिंडर ओढत होती. पत्र्याच्या भिंतीच्या आडोशाला तो बसला, मांडीवर नॉर्म. उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले. मग नॉर्मलाच म्हणाला, “गरम आहे रे.”

असं रोज चाललं. नळी आली तेव्हा नॉर्म आपल्या पायांनी चालायला लागला होता. नेरिडानं नळी फांदीच्या वर बसवली. धूळ बसू नये म्हणून मी प्लास्टिकचं झाकण घालायला सांगितलं, तर म्हणाली, “म्हणजे पुन्हा काचच की, शहाणे!” रविवारी मटण भाजताना लागतो तो थर्मामीटर तिनं फांदीवर टेकवला. तिथं चाळीस अंशांच्या आसपास हवं, आणि दुसऱ्या टोकाला बसायला गारवा. दिवा वर-खाली करून करून तिनं ते जमवलंच. रात्री सगळं बंद. वर्षभरानं नळी पेटत असली तरी बदलायची, हे मला दोनदा बजावलं, जणू सरडा माझाच.

मग क्लॅरीला म्हणाली, “सुटलास बाबा. आता थंडीत बाहेर बसायला नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तर नॉर्म नळीखाली ऐटीत पसरलेला आणि खिडकीजवळची खुर्ची रिकामी. मागच्या दारी पाहिलं, तर क्लॅरी पत्र्याच्या भिंतीला टेकून बसलेला, मांडी मोकळी. सिलिंडर स्वतःच ओढत आणला होता. नेरिडा दोरीवर चादरी वाळत घालत होती.

“नेरी,” तो म्हणाला, “ते राहू दे. बस ना इथं. खाणीत बावीस नंबरच्या लिफ्टमध्ये आम्ही अडकलो होतो, ते तुला कधी सांगितलंय का मी?”

तो किस्सा तिनं भांडी घासताना कितीदा ऐकला असेल, देव जाणे.

“नाही,” नेरिडा म्हणाली, आणि ओली चादर हातात तशीच घेऊन त्याच्याजवळ बसली.

देवा, या बाईला माझ्या भावाच्या पदरात घातलंस, तुझे उपकार फिटायचे नाहीत. मी आवाज न करता फाटक लावलं आणि घरी आले.