पान एकोणचाळीस, लांबी बेचाळीस

लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि मावशींनी तिला दिवसातून सात वेळा फोन करायला सुरुवात केली. उठलीस का, खाल्लंस का, पोचलीस का, खोलीची कडी नीट लागते का. पाचव्या दिवशी लेकीने सांगूनच टाकलं, "आई, तुला उत्तरं देता देता माझा अभ्यास राहतोय. तू काहीतरी वाचत जा ना. पूर्वी वाचायचीस म्हणतेस."

पूर्वी म्हणजे कॉलेजात. त्यानंतरचं मावशींचं वाचन म्हणजे कपड्यांच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चिठ्ठ्या. गरम पाण्यात धुवू नये. उलट्या बाजूने इस्त्री करावी.

मावशींचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, गिऱ्हाइकांसाठी बाक आणि कपडा घालून बघायला पडद्यामागे जेमतेम एका माणसाची जागा. नवीन कपडे त्या शिवत नसत. दुसऱ्यांनी शिवलेले कपडे माणसांच्या मापाचे करून द्यायचे, हे त्यांचं काम. सगळं गाव त्यांना मावशी म्हणे, त्यामुळे त्यांचे यजमान आपोआप काका झाले. काका पस्तीस वर्षं तिकिटाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाले होते. आता दुपारी डबा घेऊन यायचे आणि मावशींचं जेवण होईपर्यंत गिऱ्हाइकांना म्हणायचे, "सुट्टे द्या."

पुस्तकाची सोय शाळेच्या बाईंनी केली. त्या पलीकडच्या शाळेत हस्तकला शिकवायच्या आणि मुलांसाठी मावशींकडच्या चिंध्या न्यायच्या. त्यांनी एक जाडजूड कादंबरी आणून मशीनवर ठेवली. "सावकाश वाचा, घाई नाही. फक्त पानाचा कोपरा दुमडायचा नाही. मला बघवत नाही ते."

कादंबरीत एक होडीवाली होती आणि तिचा एक पाताळयंत्री दीर होता. दहाव्या पानापासून मावशींनी त्या दिराच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. काकांनी मशीनला एक चिमट्याचा दिवा लावून दिला, न मागता. रात्रपाळीला जाणारी नर्स ब्लाउज घ्यायला आली की दारातच थांबायची. "पान संपवा मावशी, मी आहे." लेकीला जाणारे फोन सातावरून दोनावर आले. कडीची चौकशी तर पूर्ण बंद.

कोपरा दुमडायचा नाही म्हणून मावशींनी स्वतःची रीत काढली. पुस्तकात ठेवलेली खूण पडते, हे त्यांना वाचायच्या आधीपासून ठाऊक होतं; पडण्यासारखी प्रत्येक गोष्ट त्यांना आधीच पडलेली दिसे. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या चौकोनावर त्या पानाचा आकडा लिहीत आणि तो चौकोन पुस्तकाच्या वेष्टनात खोचून ठेवत. असल्याच चौकोनांवर त्या मापं लिहीत आणि टाचणीने कपड्याला लावत.

एका बुधवारी दारातून वाकून एक उंच गृहस्थ आत आले. कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला, त्याला आठ महिने झाले होते.

"परवा मुलाखत आहे मावशी. आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलावलंय कोणीतरी." त्यांनी पिशवीतून नवीकोरी पँट काढली. खाली शिवण न घातलेली, पाय लोंबते. "बायको म्हणाली, जुनी घालून जाऊ नका, गुडघे चकाकतात. हिची लांबी तेवढी करून द्या. उद्या सहाला येतो."

मावशींनी माप घेतलं. बेचाळीस इंच. "तुम्ही बसता कुठे आणि पाय ठेवता कुठे?" त्या म्हणाल्या. स्टोअरकीपर हसले. मावशींनी आकडा लिहिला, आणि मग दीर चहा पीत पीत होडीवालीला काय धमकी देतो ते बघून पुस्तक मिटलं, तोही आकडा दुसऱ्या चौकोनावर लिहिला.

गुरुवारी सकाळी पँटीचे पाय कापून, दुमडून, शिवून, इस्त्री करून झाले. अकराला शाळेच्या बाई येऊन चिंध्यांची पिशवी घेऊन गेल्या. जेवण झाल्यावर मावशींनी पुस्तक उघडलं. चौकोनावर बेचाळीस होतं. त्यांनी बेचाळिसावं पान काढलं. तर काय, काल समोर बसून चहा पिणारा दीर गायब, होडी गायब आणि होडीवाली कुठल्याशा चौकीत रडते आहे!

"अहो, ह्यात काहीतरी राहिलंय छापायचं," त्या काकांना म्हणाल्या. एक पान मागे गेल्या, मग आणखी एक. एकोणचाळिसाव्या पानावर चहाचा कप सापडला.

मावशींनी चौकोन पुन्हा बघितला. पान एकोणचाळीस. मग बेचाळीस कशाचं?

त्या उठल्या, खुंटीवरची पँट काढली, टेप लावली. एकोणचाळीस. पुन्हा लावली. टेपला काय दया येणार होती?

"तीन इंच!" त्या मटकन बाकावर बसल्या. "तीन इंच आखूड केली मी. उद्या दहाला त्यांची मुलाखत!"

काकांनी पँट उचलून उजेडात धरली. "गुडघे जरा वाकवून चालले तर..."

"तुम्ही गप्प बसा."

"हो." काकांनी पँट खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "कापलेले तुकडे जोडता नाही येणार?"

येणार होते. तुकडे पुन्हा जोडायचे आणि पँटीच्या पायाला खाली बाहेरून दुमड घालायची, की जोड त्या दुमडीआड लपतो. पण तुकडे चिंध्यांच्या पिशवीत, पिशवी शाळेत आणि हस्तकलेचा तास चालू. मावशींनी बाईंना फोन लावला.

"राखाडी तुकडे ना?" बाई वर्गातूनच बोलत होत्या. "एक आहे हो पिशवीत. दुसऱ्याची हत्तीची सोंड झालीय."

"बाई, माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे."

पलीकडे बराच वेळ वाटाघाटी ऐकू आल्या. मग बाई म्हणाल्या, "देतेय ती मुलगी. तिला माझ्या साडीच्या ब्लाउजपीसची सोंड द्यायची कबूल केलीय. काकांना पाठवा."

काका सोंड घेऊन आले. तिला डिंक लागलेला होता. काकांनी ती कोमट पाण्यात भिजवली, चोळली, वाळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री हातात घेऊन सपाट केली. इकडे मावशींनी पुस्तक उचललं आणि सगळ्यात खालच्या खणात, तुटक्या चेनच्या डब्याखाली ठेवलं. "आता दुकानात वाचायचं नाही. संपलं."



सहाला स्टोअरकीपर आले तेव्हा एक पायही पुरता झाला नव्हता. मावशींनी लपवाछपवी केली नाही. आकडे, चौकोन, दीर, सोंड, सगळं सांगून टाकलं. स्टोअरकीपर बाकावर बसून आपल्या नव्या पँटीचे तुकडे बघत राहिले.

"नवी होती," ते म्हणाले.

"हो."

मग त्यांनी एक श्वास सोडला. "मुलाखत बसूनच असते म्हणा. आणि बसल्यावर सगळ्यांच्याच पँटी आखूड होतात."

त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं मावशींना वाटलं. त्या मशीनवर वाकल्या. पण शिवण वाकडी गेली. उसवली. पुन्हा वाकडी गेली.

"कुठलं हो पुस्तक?" स्टोअरकीपरनी विचारलं.

काकांनी खण उघडून, डबा बाजूला करून पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"इथे एक तास बसून मी काय करू? उद्याचाच विचार करत राहणार." त्यांनी एकोणचाळिसावं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. गोदामातला माल मोजून घ्यावा तसं त्यांचं वाचन होतं, प्रत्येक शब्द वेगळा, एकही सुटायला नको. 'दिराने. कप. खाली. ठेवला.' काकांना हसू आवरेना. पण वाचता वाचता स्टोअरकीपरना दिराचा राग यायला लागला, आणि आवाजात जोर आला. "अरे, हा तर आमच्या मॅनेजरसारखाच!" मावशींच्या हाताखाली शिवण सरळ चालली होती. होडी का गायब झाली, ते कळलं तेव्हा दुसरा पाय पुरा झाला होता. लांबी मावशींनी तीनदा मोजली, मग काकांनी, मग स्टोअरकीपरनी. बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस.

शुक्रवारी मावशींनी सकाळपासून लेकीला पाच फोन केले. "आई, मुलाखत माझी आहे का?" लेक म्हणाली. "आणि त्यांना जाऊ तरी दे आधी, आत्ता नऊ वाजलेत."

एक वाजता दारातून वाकून स्टोअरकीपर आत आले.

"काय झालं? पँट?"

"पँट कोणी बघितलीच नाही. टेबलाला पुढून फळी होती."

"आणि नोकरी?"

"मंगळवारी कळवतो म्हणाले."

ते चार दिवस मावशींनी कसे काढले, ते लेकीच्या फोनला विचारा. मंगळवारी संध्याकाळी ते आले. तोंडावरून काही कळेना, कारण दारातून येताना ते कायम खालीच बघत.

"लागली," ते सरळ होत म्हणाले. "औषधांचं गोदाम. एक तारखेपासून."

मावशींनी डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं. काकांनी स्टोअरकीपरांचा हात दोन्ही हातांत धरून इतका हलवला की त्यांना खांदा चोळावा लागला.

"पण एक अडचण आहे," ते म्हणाले. "रोज साडेपाचपर्यंत ड्युटी. आणि मला त्या चौकीत पुढे काय झालं ते कळलंच पाहिजे. तुम्ही वाचलं नाही ना पुढचं?"

"पुस्तक मी खणात ठेवलंय," मावशी म्हणाल्या. "दुकानात वाचणार नाही, असं ठरवलंय."

"तुम्ही वाचूच नका. तुम्ही शिवा." त्यांनी काकांकडे बघितलं. "सहा ते सात, एक दिवस मी, एक दिवस काका. चालेल?"

काकांनी घसा साफ केला.

"आज कोणाची पाळी?" मावशींनी विचारलं, आणि बाकावर पडलेले कपडे उचलून दोघांना बसायला जागा केली.