घार्गे आबा आणि वाचून दाखवलेली ओळ

घार्गे आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सांगलीतल्या आमच्या रुग्णालयाच्या संगणक कक्षात, चष्मा कपाळावर चढवून, पडद्यावरची एक ओळ मोठ्यानं वाचत होते. समोर सफाईच्या मावशी कागदावर बोट ठेवून "व्हय, बरूबर" म्हणत होत्या. कुपवाडच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून मी त्याच दिवशी इथं रुजू झाले होते. मनात म्हटलं, कुठं येऊन पडले मी.

आबा वडूजकडचे. लष्करात सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाच्या दलात, सुभेदार होते, निवृत्तीनंतर आमच्याकडे आले. अतिदक्षता विभागातल्या घंटांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या घंटांची एक साधी फाइल आहे. प्रत्येक खाटेची एक ओळ: खाटेचा क्रमांक, नाडी-प्राणवायू दाखवणाऱ्या तिच्या मॉनिटरचा क्रमांक आणि रुग्णाची प्रकृती ढासळली की नर्सच्या कोणत्या टेबलावर घंटा वाजायची तो क्रमांक. आबा आधी फाइलीची नक्कल काढत, मग हातानं एकच ओळ बदलत आणि खरे आकडे लिहिलेला कागद दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन ती त्याला वाचून दाखवत. यात अर्धा तास जाई. मी तेच काम एका कमांडनं, संगणकाला लिहून दिलेल्या एका हुकमानं, अर्ध्या मिनिटात करीन, असं त्यांना रोज ऐकवायची. माझी जीभ तशी फटकळच आहे.

एकदा त्यांच्या हातून एक स्वल्पविराम सुटला आणि यंत्रणा सुरूच होईना. मी फाइलीची मांडणी तपासणारी कमांड चालवून चूक दाखवली. दुसरा कुणी असता तर तोंड पाडून बसला असता. आबांनी वही पुढं केली. "म्याडम, ही कमांड लिहून द्या मला. लय कामाची हाय." तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते.

त्यामुळे माझा ताठा वाढला, हे कबूल करते. पुढं नर्सचं दोन नंबरचं टेबल बदलून चार नंबर करायचं होतं. आबा बाहेर गेले होते. मी कमांड दिली: जिथं दोन, तिथं चार. तपासणीची कमांड म्हणाली, सगळं ठीक. आकडा खरा की खोटा हे तिला काय कळणार? टेबलाचेच नव्हे, फाइलीतले सगळेच दोन बदलले होते आणि १२ नंबरच्या खाटेचंही १४ होऊन बसलं होतं. बाराव्या खाटेला ओळच उरली नव्हती.

दुपारी त्या खाटेवरच्या आजोबांचा प्राणवायू उतरला आणि घंटा वाजलीच नाही. मावशी फरशी पुसत होत्या, त्यांना मॉनिटरचा लाल दिवा दिसला म्हणून आजोबा वाचले. मला कळताच मी आबांना फोन लावला. आबांनी येऊन आपली नक्कल परत बसवली आणि वरिष्ठांना सांगितलं, "माझ्या देखरेखीत झालंय." मग ते खुर्चीत बसले. बाराव्या खाटेची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मी म्हटलं, "आबा, तुम्हीसुद्धा घाबरता?"

"रोज भेतो. म्हणून तर वाचून दावतो. हातानं करा न्हाईतर कमांडनं, पर दुसऱ्या मानसाच्या कानावर घाला."

त्या दिवसापासून कमांड काय काय बदलेल ते मी आधी नुसतं पडद्यावर दाखवून घेते, बदलणाऱ्या ओळी मावशींना वाचून दाखवते आणि मगच चालवते. तरी दर वेळी भीती वाटतेच.

यंदा आबांच्या छातीत कळ आली. कामावरच होते. त्यांना सात नंबरच्या खाटेवर घेतलं आणि नेमका तिथला मॉनिटर बिघडला. नवा बसवला, आता त्याचा क्रमांक फाइलीत घालायचा होता, आणि ते काम माझं. कमांड लिहिताना मी तीनदा चुकले. शेवटी फाइल हातानं उघडली, ओळ बदलली, तपासणीची कमांड चालवली. सगळं ठीक म्हणाली. मावशी सुट्टीवर होत्या. मी लॅपटॉप घेऊन आबांच्याच उशाशी गेले आणि हळू आवाजात ओळ वाचली.

आबांनी डोळे उघडले, मान वळवून मॉनिटरवर चिकटवलेली त्याच्या क्रमांकाची चिठ्ठी बघितली. "शेवटचं परत वाच, पोरी." मी अडुसष्ट लिहिलं होतं. चिठ्ठीवर शहाऐंशी होतं.

मी आकडा दुरुस्त केला आणि चाचणीचं बटण दाबलं. टेबलावर घंटा वाजली, नर्स धावत आली. आबा म्हणाले, "वाजली न्हवं? आता जरा कमी भे." मला रडूच फुटलं.

आबा बरे होऊन घरी गेले. आता साठी पूर्ण करून ते निवृत्त होत आहेत आणि ती फाइल माझ्या एकटीच्या हाती येते आहे. मला भीती वाटते, हे या गौरवग्रंथात लिहायला मी लाजत नाही. आबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. फोनवर मी ओळी वाचून दाखवीन आणि त्यांनी वर्षानुवर्षं त्या ऐकत राहावं. फक्त त्यातली एकही ओळ पुन्हा त्यांच्या उशाशी बसून वाचायची वेळ माझ्यावर न येवो.